‘येणार होता’ इंग्रजीत कसं लिहायचं: वुड, वॉज गोइंग टू की वॉज टू?

शेवा_डेस्क

नमस्कार मंडळी. मी न्हावा शेव्याला कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात इम्पोर्ट डेस्कवर आहे. दिवसभर पार्ट्यांना इंग्रजीत मेल जातात आणि त्यातल्या बऱ्याच मेलांचा मजकूर एकाच जातीचा असतो: अमुक होणार होतं, झालं नाही. व्हेसल १२ तारखेला लागणार होतं, अजून बाहेरच उभं आहे. लाइन, म्हणजे शिपिंग कंपनी, काल संध्याकाळपर्यंत डीओ (माल सोडायचा डिलिव्हरी ऑर्डर) देणार होती, दिला नाही. आम्ही तुम्हाला कळवणारच होतो, तेवढ्यात तुमचा फोन आला. व्हेसल लागलं की कळवतो असं लाइनने सांगितलं होतं.

मराठीत या सगळ्याला ‘णार होतं’ पुरतं. विचारही करावा लागत नाही. इंग्रजीत मात्र आमच्या ऑफिसात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आमचे सीनियर सगळीकडे ‘वुड’ लिहितात: ‘द व्हेसल वुड अराइव्ह ऑन ट्वेल्थ.’ शेजारच्या टेबलवरची मुलगी ‘वॉज गोइंग टू’ लिहिते, आणि सीनियर ते बोलीभाषेतलं आहे म्हणून खोडतात. एक्सपोर्टवाले ‘वॉज सपोज्ड टू’ लिहितात. परवा जर्मनीच्या एका पार्टीने ‘वुड अराइव्ह’वाला मेल वाचून विचारलं, की म्हणजे १२ तारखेला येणार आहे का? मेल गेला होता १४ तारखेला.

व्याकरणाच्या पुस्तकात ‘भूतकाळातला भविष्यकाळ’ म्हणून अर्धं पान मिळालं. ‘विल’चं ‘वुड’ करा, एवढंच त्यात आहे. मला यातलं कुठलं कधी वापरायचं हे नीट समजून घ्यायचंय. फ्री डेज (कंटेनर बिनभाड्याने ठेवायचे दिवस), डिटेंशन (ते उलटल्यावर कंटेनरसाठी लागणारा आकार) असले पैशांचे विषय असतात, त्यामुळे वाक्याचे दोन अर्थ निघून चालत नाही. कोणी सविस्तर सांगेल का?


नांदेडचा_नितीन

सोपं आहे भाऊ. ‘विल’चा भूतकाळ ‘वुड’. ‘येणार’ म्हणजे ‘विल कम’, मग ‘येणार होता’ म्हणजे ‘वुड कम’. स्पर्धा परीक्षेला एवढ्यावर भागतं. बाकीचे सगळे प्रकार शैलीचे आहेत, अर्थ एकच.


दुभाषी_सातारा

नितीनराव, परीक्षेत भागत असेल, पण अर्थ एकच आहे हे मला मान्य नाही. शेवा_डेस्क यांच्या जर्मन पार्टीला जो प्रश्न पडला तो तुमच्या नियमातूनच आलेला आहे.

माझं काम असं, की खालच्या कोर्टातले मराठी कागद अपिलासाठी हायकोर्टात जायचे असले की त्यांचं इंग्रजी करून द्यायचं. साक्षी, जबाब, साठेखतं, पंचनामे. तिथे ‘णार होता’ पानोपानी भेटतं आणि प्रत्येक वेळी थांबावं लागतं. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी ‘वुड’चं पाहू. ‘द व्हेसल वुड अराइव्ह ऑन ट्वेल्थ’ हे वाक्य एकटं ठेवलं, तर वाचणारा त्यात भूतकाळ शोधतच नाही. त्याला एक तर जर-तर ऐकू येतं, म्हणजे काहीतरी झालं तर व्हेसल येईल. नाही तर साधा भविष्यकाळ ऐकू येतो, कारण भारतातून येणाऱ्या पत्रांत ‘विल’च्या जागी ‘वुड’ वाचायची त्यांना सवय झालेली असते. आपल्याकडे ‘विल’ जरा उद्धट वाटतं म्हणून कित्येक जण सरसकट ‘वुड’ लिहितात. तिसरा अर्थ सवयीचा: ‘एव्हरी समर ही वुड गो टू हिज व्हिलेज’, दर उन्हाळ्यात तो गावी जायचा. ‘येणार होतं’ हा अर्थ या तिन्हींत नाही.

तो अर्थ ‘वुड’ला मिळतो कधी? त्याच्या मागे भूतकाळातलं एखादं म्हणणं, समजणं, वाटणं असतं तेव्हा. ‘द लाइन हॅड कन्फर्म्ड दॅट द व्हेसल वुड अराइव्ह ऑन ट्वेल्थ.’ आता वाचणारा कन्फर्म केलं त्या दिवसापाशी जाऊन उभा राहतो आणि तिथून पुढे पाहतो. सेड, न्यू, होप्ड, प्रॉमिस्ड, थॉट, वॉज शुअर, यातलं काहीही चालेल. पण काहीतरी पाहिजे. तुमच्या सीनियरांचा ‘वुड’ चुकतो तो या आधारावाचून. आधार दिला की तोच शब्द बिनचूक होतो, आणि व्हेसल प्रत्यक्षात आलं की नाही याबद्दल तो काहीच बोलत नाही. ते पुढच्या वाक्यात तुम्ही सांगायचं.

आता ज्या वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो ते सांगतो. साठेखताच्या दाव्यात साक्षीदार म्हणतो: ‘प्रतिवादी मार्चअखेर खरेदीखत करून देणार होता.’ मराठीत वाक्य स्वच्छ आहे. इंग्रजीत करायला घेतलं की चार दारं उघडतात.

‘वॉज गोइंग टू एक्झिक्यूट द सेल डीड’ म्हटलं, तर प्रतिवादीच्या मनात तसं होतं, त्याचा इरादा होता, एवढंच येतं. समोरचा वकील लगेच म्हणणार, मनात असेल, पण कबूल कुठे केलं होतं? ‘वॉज टू एक्झिक्यूट’ म्हटलं की ते ठरलेलं होतं, दोघांच्या मध्ये नक्की झालेलं होतं, असा अर्थ. ‘हॅड अ‍ॅग्रीड टू एक्झिक्यूट’ म्हटलं तर त्याने कबूल केलं हे मी माझ्या पदरचं घातलं, कारण साक्षीदार त्या वाक्यात तसं बोललेला नाही. आणि ‘वुड एक्झिक्यूट’ सगळ्यात घातक. ते वाचताच न्यायाधीश विचारतील, काय झालं तर करून देणार होता? उरलेली रक्कम मिळाली तर? अशा दाव्यात वादीला आपण आपला भाग पुरा करायला तयार होतो हे दाखवावंच लागतं. साक्षीदाराने जी अट घातलीच नाही, ती एका शब्दाने त्याच्या तोंडी जाते.

मग मी काय करतो? मागचं वाक्य वाचतो. तिथे ‘साठेखतात असं ठरलं’ असेल तर ‘वॉज टू’. ‘तो मला म्हणाला की’ असेल तर ‘सेड ही वुड’. ‘त्याचा विचार होता’ असेल तर ‘वॉज गोइंग टू’. मराठीत क्रियापद एकच राहतं आणि हा फरक आजूबाजूची वाक्यं सांभाळतात. इंग्रजीत तो क्रियापदातच उतरवावा लागतो.

‘वॉज टू’बद्दल आणखी थोडं, कारण मेलमध्ये याचा उपयोग मोठा आहे आणि वापर फार कमी. हे ठरलेल्या कार्यक्रमाचं, हुकमाचं, कराराचं रूप. २० फेब्रुवारी १९४७ ला अ‍ॅटलींनी ब्रिटिश संसदेत जाहीर केलं की जून १९४८ च्या आत हिंदुस्थानची सत्ता सोपवली जाईल. हेच इंग्रजीत दोन तऱ्हांनी येतं. जाहीर केल्याचा उल्लेख ठेवला तर ‘अ‍ॅटली अनाउन्स्ड दॅट पॉवर वुड बी ट्रान्सफर्ड’, आणि उल्लेख गाळून नुसतं ठरलेलं सांगायचं तर ‘पॉवर वॉज टू बी ट्रान्सफर्ड’. दुसऱ्या वाक्यात ‘वुड’ घातलं की ते लगेच लोंबकळायला लागतं.

याचंच पुढचं रूप ‘वॉज टू हॅव’. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ चंद्रावर उतरणार होतं, पण वाटेत ऑक्सिजनची टाकी फुटली आणि अंतराळवीर न उतरताच परतले. ‘अपोलो थर्टीन वॉज टू लँड ऑन द मून’ एवढं वाचल्यावर वाचणारा पुढच्या ‘बट’ची वाट पाहतो, उतरलं की नाही हे त्याला अजून माहीत नाही. ‘वॉज टू हॅव लँडेड’ म्हटलं की ते घडलं नाही हे क्रियापदच सांगून टाकतं. जरा भारदस्त रूप आहे, रोज वापरू नका, पण तक्रारीच्या पत्रात ते नेमकं बसतं.

आता तुमची वाक्यं. व्हेसलसाठी तुमच्याच धंद्यातला शब्द आहे: ‘ड्यू’. ‘द व्हेसल वॉज ड्यू टू बर्थ ऑन ट्वेल्थ बट इज स्टिल अ‍ॅट अँकरेज.’ वेळापत्रकाने जे होणार होतं त्याला यापेक्षा चांगलं काही नाही. आगगाडी, विमान, हप्ता, निकाल, सगळ्याला चालतं. डीओसाठी ‘द लाइन वॉज टू इश्यू द डीओ बाय यस्टर्डे इव्हिनिंग’ म्हणजे तसं ठरलं होतं. ‘वॉज सपोज्ड टू’ म्हटलं तर अर्थ तोच, पण बोलण्यात नाराजी येते: द्यायला हवा होता, दिला नाही. पार्टीला लिहिताना चालेल, खुद्द लाइनला लिहिताना जपून. आणि त्यांनी मेलवर कबूल केलेलं असेल तर तेच लिहा, तारखेसकट: ‘कन्फर्म्ड ऑन टेन्थ दॅट इट वुड इश्यू’. डिटेंशनचा वाद झाला तर तुमचं हे वाक्य कामाला येईल, नुसतं ‘वॉज सपोज्ड टू’ येणार नाही.

‘कळवणारच होतो, तेवढ्यात’ याला ‘वॉज अबाउट टू’. ‘वुई वेअर जस्ट अबाउट टू राइट टू यू व्हेन यू कॉल्ड.’ मराठीत ‘णार’ला ‘च’ लागला आणि पुढे ‘तेवढ्यात’ आलं की डोळे मिटून हे घ्यावं. फक्त त्यासोबत दिवस-तारीख घालू नका. ‘वॉज अबाउट टू लीव्ह’ म्हणजे पाऊल उचललेलंच होतं, त्यात ‘नेक्स्ट वीक’ बसत नाही.

‘वॉज गोइंग टू’ बोलीभाषेतलं म्हणून खोडणं बरोबर नाही. माणसाचा इरादा सांगायला तेच योग्य. ‘वुई वेअर गोइंग टू फाइल द बिल ऑफ एंट्री इन अ‍ॅडव्हान्स’ हे कुठल्याही पत्रात शोभतं. व्हेसलला मात्र इरादा नसतो, म्हणून तिथे मी ‘ड्यू’ म्हणतो. आणि जायची-यायची, भेटायची नक्की सोय झालेली असेल तर साधं ‘वॉज’ आणि ‘आयएनजी’ही पुरतं: ‘अवर मॅन वॉज मीटिंग द सर्व्हेयर द नेक्स्ट मॉर्निंग.’ भेट ठरलेली होती, एवढं त्यातून कळतं.

एक गोष्ट राहिली आणि ती माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. ‘येणार होता’ आणि ‘आला असता’ या दोन गोष्टी आपण मराठीत कधीच एकमेकींत मिसळत नाही, मग इंग्रजीत का मिसळाव्यात? ‘आय वुड हॅव कम’ म्हणजे ‘मी आलो असतो’. त्यात अट दडलेली आहे: बोलावलं असतं तर, गाडी मिळाली असती तर. ‘मी येणार होतो’ यात अट नाही, बेत आहे. जबाबात ‘मी पैसे देणार होतो’चं ‘आय वुड हॅव पेड’ झालेलं वाचलं की मला फार वाईट वाटतं. ज्याने बेत सांगितला त्याला आपण सबब सांगायला लावली.


शेवा_डेस्क

दुभाषी साहेब, अगदी मनापासून आभार. हे प्रिंट काढून डेस्कवर लावतोय. सीनियरांनाही दाखवलं, ‘ड्यू’ त्यांना एकदम पटला.

दोन शंका राहिल्या. ‘व्हेसल लागलं की कळवतो असं लाइनने सांगितलं’ हे ‘व्हेन द व्हेसल वुड बर्थ’ असं होईल ना, कारण ते अजून पुढचं होतं? आणि दुसरी, ‘लाइन डीओ देईना’ हे कसं लिहायचं? ‘देणार नव्हती’ आणि ‘देईना’ दोन्हींचं इंग्रजी आमच्याकडे एकच होतं.


बारावीची_बाई

पहिल्या शंकेचं उत्तर मी देते, कारण लातूरला ज्युनियर कॉलेजात हीच गोष्ट मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

‘व्हेन’नंतर ‘वुड’ येणार नाही. ‘द लाइन सेड दे वुड इन्फॉर्म अस व्हेन द व्हेसल बर्थ्ड.’ कारण आधी वर्तमानातलं वाक्य बघा. ‘वुई विल इन्फॉर्म यू व्हेन द व्हेसल बर्थ्स.’ तिथेही ‘व्हेन’नंतर ‘विल’ नाही, साधा वर्तमानकाळ आहे. मग सगळं वाक्य एक पायरी मागे नेलं की ‘विल’चं ‘वुड’ होतं आणि ‘बर्थ्स’चं ‘बर्थ्ड’. इफ, अंटिल, आफ्टर, बिफोर, अ‍ॅज सून अ‍ॅज, सगळ्यांना हाच न्याय. आपल्या मुलांना मराठीतला ‘लागेल तेव्हा’ डोळ्यांपुढे दिसतो, त्यात भविष्यकाळ असतो, म्हणून हात आपोआप ‘वुड’ लिहितो. फक्त ‘व्हेन’चा अर्थ ‘केव्हा’ असेल, म्हणजे प्रश्न असेल, तर ‘वुड’ लागतं: ‘आय आस्क्ड व्हेन द व्हेसल वुड बर्थ.’ केव्हा लागेल ते विचारलं. ‘तेव्हा’ला नाही, ‘केव्हा’ला हो. एवढं लक्षात ठेवा.

दुसरं, आम्ही शाळा-कॉलेजात जे डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवतो त्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. मुलं कोष्टक पाठ करतात: ‘विल’चं ‘वुड’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’चं ‘देअर’. गुण मिळतात. पण हे बदल का होतात ते कोणी सांगत नाही, आणि मग नोकरीत तुमच्यासारखे प्रश्न येतात. बदल होतो कारण सांगणारा आता वेगळ्या दिवशी, वेगळ्या ठिकाणी उभा आहे. तो उभा नसेल तर बदलायचं नाही. लाइनने सोमवारी सकाळी सांगितलं, ‘व्हेसल विल बर्थ टुमॉरो’, आणि तुम्ही सोमवारीच दुपारी पार्टीला लिहिताय, तर ‘टुमॉरो’ तसाच ठेवा. ‘द नेक्स्ट डे’ लिहिलंत तर पार्टी कॅलेंडर काढून बसेल. तुम्ही गुरुवारी लिहिताय, तर ‘द नेक्स्ट डे’ किंवा सरळ ‘ऑन ट्यूजडे’. मी तर म्हणेन धंद्याच्या पत्रात नेहमी वार आणि तारीख लिहा, प्रश्नच मिटतो.

तसंच ‘सेड’नंतर ‘विल’ ठेवलं तर आभाळ कोसळत नाही. गोष्ट अजून व्हायची आहे आणि ती होईल असं तुम्हालाही वाटतंय, तर ‘द लाइन सेड द व्हेसल विल बर्थ ऑन थर्सडे’ चालतं. पण गुरुवार उलटून गेला की ‘वुड’ हवंच. आणि गुरुवार यायचा असला तरी तुमचा त्या तारखेवर विश्वास नसेल, तर ‘वुड’ लिहा. त्यातून ‘हे त्यांचं म्हणणं आहे’ हा अर्थ आपसूक येतो. परीक्षेत मात्र मुलांनो, ‘वुड’च लिहा, तपासणाऱ्याला तेच हवं असतं.

तुमच्या फ्री डेजसाठी आणखी एक रूप लागेल. ‘शुक्रवारपर्यंत फ्री डेज संपलेले असतील हे आम्ही कळवलं होतं.’ एखाद्या पुढच्या क्षणाच्या आत काम पुरं झालेलं असेल, आणि हे सगळं भूतकाळातून बघायचं, तर ‘वुड हॅव’: ‘वुई हॅड इन्फॉर्म्ड यू दॅट बाय फ्रायडे द फ्री डेज वुड हॅव एक्स्पायर्ड.’ दुभाषी सरांनी सांगितलेला ‘आला असता’वाला ‘वुड हॅव’ आणि हा ‘वुड हॅव’ दिसायला सारखे आहेत. ओळखायचं ‘बाय’वरून आणि मागच्या ‘इन्फॉर्म्ड’, ‘सेड’वरून. तसा आधार नसेल तर वाचणारा अटीचाच अर्थ घेणार.


येरवड्याचा_वाटाड्या

विषय मेलचा आहे, पण ‘वुड’ची एक बाजू राहिलीय म्हणून लिहितो. मी पुण्यात परदेशी पाहुण्यांना ऐतिहासिक जागा दाखवतो. दुभाषींनी सांगितलं की ‘वुड’ला मागे ‘सेड’, ‘न्यू’ असा आधार लागतो. गोष्ट सांगताना एक जागा अशी येते की आधार नसतानाही ‘वुड’ उभा राहतो, आणि तिथे दुसरं काही चालतही नाही.

आगाखान पॅलेसच्या फाटकाशी मी हे सांगतो. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजी आणि महादेवभाई देसाई यांना अटक झाली. गाडीने चिंचवडपर्यंत आणलं आणि तिथून इथे. त्याच संध्याकाळी गांधीजी शिवाजी पार्कवर सभेत बोलणार होते. त्यांच्या जागी मी बोलेन, असं कस्तुरबा म्हणाल्या, आणि सभेआधी त्यांनाही पकडलं. महादेवभाई सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, याच वाड्यात गेले. कस्तुरबा इथेच २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या. गांधीजी सुटले ते ६ मे १९४४ ला.

आता इंग्रजी बघा. ‘गांधी वॉज टू अ‍ॅड्रेस अ मीटिंग अ‍ॅट शिवाजी पार्क दॅट इव्हिनिंग’, हा ठरलेला कार्यक्रम. ‘कस्तुरबा सेड शी वुड स्पीक इन हिज प्लेस’, हे त्यांचं म्हणणं, ‘सेड’चा आधार आहे. आणि मग ९ ऑगस्टच्या दिवशी, गाडी फाटकातून आत येतेय तिथेच गोष्ट थांबवून मी म्हणतो: ‘महादेव देसाई वुड डाय हिअर सिक्स डेज लेटर.’ इथे कोणी काही म्हटलेलं नाही, कोणाच्या मनात काही नव्हतं, काही ठरलेलं नव्हतं. त्या दिवशी त्या गाडीतल्या कोणालाच ते ठाऊक नव्हतं. ठाऊक आहे ते आज सांगणाऱ्याला. ‘वॉज गोइंग टू डाय’ म्हटलं तर ते आधीच मरणपंथाला लागले होते असं ऐकणाऱ्याला वाटतं, आणि ते खरं नाही. ‘वॉज टू डाय’ म्हणता येतं, जुन्या इतिहासग्रंथांत तसं सापडतं, पण त्यात विधिलिखिताचा सूर येतो. समाधीसमोर उभं राहून मला तो सूर नको वाटतो.

मात्र हे ‘वुड’ जपून वापरावं. हल्ली माहितीफलकांवर आणि लेखांत वाक्यागणिक ‘वुड गो ऑन टू’, ‘वुड लेटर बिकम’ असतं, त्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. घटना ओळीने सांगत असाल तर साधा भूतकाळच हवा: ‘ही डाइड सिक्स डेज लेटर.’ ‘वुड’ फक्त तेव्हा, जेव्हा तुम्ही गोष्टीतून क्षणभर पुढे डोकावून परत त्याच दिवशी येणार आहात. मी वरच्या वाक्यानंतर पाहुण्यांना परत ९ ऑगस्टला आणतो: वाड्याभोवती पहारा कसा होता, कुठली खोली कोणाला होती. परत यायचं नसेल तर पुढे डोकावूही नये.


दुभाषी_सातारा

वाटाड्यांनी फार छान जागा दाखवली. कोर्टाच्या कागदात हे ‘वुड’ कधीच येत नाही, कारण साक्षीदाराला पुढचं माहीत असल्यासारखं बोलायची मुभा नाही. बाईंचं ‘तेव्हा’ आणि ‘केव्हा’ मी आजपासून वापरणार.

शेवा_डेस्क, तुमची दुसरी शंका. ‘देईना’ला इंग्रजीत हुबेहूब जोडी आहे आणि ती म्हणजे ‘वुडंट’. ‘द लाइन वुडंट गिव्ह अस द डीओ’ म्हणजे मागितला, पुन्हा मागितला, देईना. ‘तो सही करेना’, ‘ही वुडंट साइन’. निर्जीव वस्तूलाही चालतं: गाडी सुरू होईना, ‘द कार वुडंट स्टार्ट’. इथे ‘वुड’ नकारात असल्यामुळेच आधाराशिवाय उभा राहतो. होकारात तसं होत नाही. तुम्ही मागितल्यावर लाइनने काल एकदाच डीओ दिला, तर ‘द लाइन वुड गिव्ह अस’ असं म्हणता येणार नाही, साधं ‘गेव्ह’च म्हणावं लागेल.

‘देणार नव्हती’ वेगळं. त्यात मागणं-नाकारणं झालेलंच नाही, फक्त त्यांचा बेत नव्हता किंवा तसं ठरलेलं नव्हतं. बेत नव्हता तर ‘वॉजंट गोइंग टू गिव्ह’. ठरलेलंच नव्हतं तर ‘वॉज नॉट ड्यू टू गिव्ह इट अंटिल मंडे’, म्हणजे सोमवारच्या आधी द्यायचाच नव्हता. इथे ‘वॉज नॉट टू गिव्ह’ मात्र लिहू नका. नकारात ‘वॉज नॉट टू’ला मनाईचा अर्थ येतो, ‘द्यायचा नाही असा हुकूम होता’. लाइनला कस्टमने माल अडवून ठेवायला सांगितलं असेल, तर तेच वाक्य बरोबर ठरेल.

मेलमध्ये ‘वुडंट’ ऐवजी ‘रिफ्यूज्ड’ लिहायचा मोह होतो. लाइनने तोंडी किंवा लेखी स्पष्ट नकार दिला असेल तरच ‘रिफ्यूज्ड’ लिहा. नुसता फोन उचलत नव्हते, उद्या बघू म्हणत होते, तर ते ‘देईना’ आहे, ‘नाकारला’ नाही. तिथे ‘डिड नॉट इश्यू द डीओ डिस्पाइट अवर रिमाइंडर्स ऑफ टेन्थ अँड इलेव्हन्थ’ लिहिलंत, तर डिटेंशनच्या बिलावर भांडताना दोन्ही तारखा तुमच्या हातात राहतील.